‘चित्र सापडलं’ म्हणजे नेमकं काय सापडलं?



आजचा विषय चित्रकारांचा आहे आणि बोलणारे आम्ही तत्त्वज्ञानाचे. तेव्हा रंग कसे मिसळावेत, कुंचला कसा धरावा, हे आमच्याकडून ऐकायला मिळणार नाही. आम्हाला रस आहे तो एका क्रियापदात. वर्तमानपत्रात अधूनमधून बातमी येते, ‘व्हॅन गॉगचं चित्र सापडलं’. आपण ती वाचतो, किंमत किती कोटी ते बघतो आणि पान उलटतो. आम्ही मात्र त्या ‘सापडलं’पाशी थबकतो. कारण अशा बऱ्याच बातम्यांमध्ये चित्र हरवलेलं नसतंच. ते कुणाच्या तरी घरात असतं, घरातल्यांना ठाऊकही असतं. मग सापडतं ते काय?

एक उदाहरण नीट पाहू. क्रिस्तियान मुस्ताद नावाचे नॉर्वेचे एक उद्योगपती होते. त्यांनी १९०८ च्या सुमारास एक निसर्गचित्र विकत घेतलं. खुरट्या ओक वृक्षांचं माळरान, मावळतीचा पिवळा उजेड, लांबवर एका पडक्या मठाचे अवशेष. व्हॅन गॉगचं म्हणून घेतलेलं हे चित्र. पुढे कुणीतरी त्यांना सांगितलं, ‘हे खोटं आहे’. झालं! चित्र माळ्यावर गेलं. मुस्ताद वारले, माळ्यावरून चित्र निघालं, हात बदलले. १९९१ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयाकडे ते दाखवलं गेलं, तर त्यांनीही ‘आमच्या मते हे त्याचं नाही’ असंच सांगितलं. वीस वर्षांनी त्याच संग्रहालयाने पुन्हा तपास हाती घेतला. दोन वर्षं तो चालला आणि सप्टेंबर २०१३ मध्ये त्यांनी जाहीर केलं, की चित्र अस्सल आहे. ‘मॉन्माजूरचा सूर्यास्त’ हे त्याचं नाव.

आता विचार करा. १९९१ ला जे कापड होतं, तेच २०१३ ला होतं. रंगाचा एक थेंब वाढला नव्हता. बदललं काय? रंगद्रव्यांची रासायनिक तपासणी झाली, कापडाचा पोत त्याच काळातल्या दुसऱ्या चित्राशी ताडून पाहिला, हे खरं. पण निर्णायक ठरले ते दोन कागद. एक, व्हिन्सेंटने भाऊ थिओला जुलै १८८८ मध्ये लिहिलेलं पत्र. आदल्या संध्याकाळी आपण कुठल्या माळावर होतो, तिथे कसली झाडं होती, मागे कोणती पडकी वास्तू दिसत होती, ते सगळं त्यात आहे. शिवाय चित्र मनासारखं उतरलं नाही, अशी कबुलीही आहे. दुसरा कागद म्हणजे १८९० साली थिओच्या संग्रहाची केलेली यादी. तिच्यात १८० क्रमांकाला आर्लच्या सूर्यास्ताचं एक चित्र आहे. आणि या कापडाच्या पाठीवर आकडा होता १८०.

पाठीवरचा आकडा आणि वहीतला आकडा. ‘सापडलं’ ते हे नातं. चित्र एका जागी होतं, नाव दुसऱ्या जागी होतं. मधला दुवा मिळाला आणि बातमी झाली.

आमच्या न्यायदर्शनात याला फार सुंदर शब्द आहे, प्रत्यभिज्ञा. आपण साध्या मराठीत ‘ओळख पटणं’ म्हणतो. शास्त्रकारांचं ठरलेलं उदाहरण देवदत्ताचं. पूर्वी काशीत पाहिलेला देवदत्त आज इथे समोर उभा आहे, आणि आपण म्हणतो, ‘अरे, हाच तो!’ या एवढ्याशा वाक्यात दोन गोष्टी आहेत. ‘हा’ डोळ्यांना दिसतो. ‘तो’ दिसत नाही. तो मनातल्या संस्कारातून येतो. दोन्ही एकत्र आले तरच ओळख पटते. डोळे कितीही तीक्ष्ण असोत, आठवण नसेल तर समोरचा माणूस परकाच राहणार.

आता माणसाची आठवण मनात असते. समाजाची आठवण कुठे असते? कागदात असते. पत्र, यादी, हिशेबाची वही, फोटो, पाठीवर लिहिलेला आकडा. हे नसेल, तर समाजाला समोरच्या चित्राकडे बघून ‘हाच तो’ म्हणता येत नाही. आजच्या व्याख्यानाचा मुद्दा एवढाच आहे. पुढचं सगळं त्याचा विस्तार.

आणखी दोन दाखले देतो, कारण ते मजेदार आहेत. क्लोद मोनेचं ‘इंप्रेशन, सूर्योदय’ हे चित्र सगळ्यांना माहीत आहे. ‘इंप्रेशनिस्ट’ हे नावच त्यावरून पडलं. १८७४ च्या एप्रिलमध्ये पॅरिसला त्या मंडळींचं पहिलं प्रदर्शन भरलं, लुई लरुआ नावाच्या समीक्षकाने त्या चित्राच्या नावावरून सगळ्यांची टिंगल केली आणि टिंगलीचंच बिरूद झालं. तर या चित्रावर मोनेने ७२ असं साल घातलं होतं, पण ते खरं की १८७३, यावर अभ्यासकांचा वाद होता. डोनाल्ड ओल्सन नावाच्या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाने काय केलं, ल हाव्र बंदराचे जुने नकाशे आणि फोटो घेतले, मोने ज्या हॉटेलच्या खिडकीतून बघत होता तिची दिशा काढली, सूर्य क्षितिजापासून किती वर आहे ते मोजलं, भरतीच्या वेळा पाहिल्या आणि त्या काळच्या हवामानाच्या नोंदी चाळल्या. उत्तर आलं, बहुधा १३ नोव्हेंबर १८७२, सकाळी साडेसातच्या थोडं पुढे. २०१४ मध्ये पॅरिसच्या मार्मोतान संग्रहालयाने हे प्रसिद्ध केलं. लक्षात घ्या, बंदरावरच्या कुणा कारकुनाने रोजच्या रोज वारा आणि पाऊस लिहून ठेवला, म्हणून सव्वाशेहून अधिक वर्षांनी एका चित्राची सकाळ हाती लागली. त्या बिचाऱ्याला मोने कोण हे कदाचित ठाऊकही नसेल.

दुसरा दाखला २०२० चा. टाळेबंदीत घरी बसलेले वाउटर व्हान डेर वेन हे अभ्यासक जुनी पोस्टकार्डं चाळत होते. ओव्हेर गावातल्या एका रस्त्याच्या कार्डावर उतारावरची उघडी पडलेली झाडांची मुळं दिसली आणि त्यांना व्हॅन गॉगचं शेवटचं चित्र आठवलं, ‘वृक्षमुळे’. जुलै १८९० चं. जागा पक्की झाली. पाहा, ‘हा’ होता चित्रात आणि ‘तो’ होता पोस्टकार्डावर.

बरं, आता पॅरिसहून आपण आपल्या मुलखात येऊ. कोपरगावहून संभाजीनगरमार्गे अजिंठा काही फार लांब नाही. मोनेने ज्या नोव्हेंबरात ते सूर्योदयाचं चित्र केलं, त्याच १८७२ सालच्या हिवाळ्यात मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या लेण्यांत उतरत होते. काम होतं भिंतीवरच्या चित्रांच्या रंगीत प्रती करण्याचं.

हे काम पुन्हा का करावं लागलं, तेही ऐकण्यासारखं आहे. याआधी मद्रास सैन्यातले रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून वर्षानुवर्षं अजिंठ्यात राहून मोठमोठ्या प्रती केल्या होत्या. त्या लंडनला गेल्या, क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या गेल्या आणि डिसेंबर १८६६ च्या आगीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या सोडून सगळ्या जळाल्या. म्हणून ग्रिफिथ्सची मोहीम. ती थांबत-थांबत १८८५ पर्यंत चालली. अंधारी लेणी, छतापर्यंत बांधलेल्या परांच्या, वटवाघळांचा उपद्रव, आणि हात आपल्या मुलांचे. पेस्तनजी बोमनजी होते, जगन्नाथ अनंत होते, आणखी होते. सुमारे तीनशे चित्रं तयार झाली. तीही लंडनला गेली. आणि १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात पुन्हा आग लागली! पुष्कळ चित्रं गेली. उरलेल्यांपैकी १६६ आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. दीर्घकाळ ती भांडारात होती. २००० नंतर संग्रहालयाने ती नव्याने तपासायला घेतली आणि अभ्यासकांचं लक्ष पुन्हा त्यांच्याकडे गेलं.

ही खरी तर आपल्याकडची मोठी बातमी. का? तर दीडशे वर्षांत अजिंठ्याच्या भिंतींचे पापुद्रे सुटले, रंग काळवंडले. मूळ भिंतीवर आज जो चेहरा अर्धा दिसतो, तो प्रतीत कधीकधी पुरा असतो. एकोणिसाव्या शतकातल्या विद्यार्थ्याने केलेली नक्कल आता मुळाची साक्षीदार झाली आहे.

पण या चित्रांना आपण म्हणतो काय? ‘ग्रिफिथ्सच्या प्रती’. ग्रिफिथ्सनी आपल्या १८९६-९७ च्या दोन खंडांच्या ग्रंथात विद्यार्थ्यांचा उल्लेख केला आहे. माणूस कृतघ्न नव्हता. तरी जगाच्या जिभेवर एकच नाव राहिलं. पेस्तनजी पुढे स्वतंत्र चित्रकार म्हणून नावारूपाला आले, पारशी घरांतल्या निवांत माणसांची फार जिव्हाळ्याची चित्रं त्यांनी केली, म्हणून ते तरले. इतर मुलांचं काय? मोनेची खिडकी आपल्याला कळते, आणि अजिंठ्यात परांचीवर बसून वर्षं घालवलेल्या मुलांपैकी बहुतेकांचं घर कुठलं, ती पुढे काय झाली, हे शाळेतल्या कुठल्याही मुलाला विचारा, सांगता यायचं नाही. इथे चित्र आहे, नाव मागे पडलं.

आता उलट बाजू बघू. कोल्हापूरचे आबालाल रहिमान. जे. जे. मध्ये शिकले, अभ्यासचित्रांसाठी पदक मिळवलं, कोल्हापूरला परतले. शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार केलं. पण त्यांचा जीव रमला तो कोटितीर्थाच्या काठी, रंकाळ्यावर, पंचगंगेच्या घाटावर. तेच पाणी, तेच झाड, तोच घाट, पण सकाळचा उजेड वेगळा, पावसाळी दुपारचा वेगळा, दिवेलागणीचा वेगळा. मोने १८९०-९१ ला गवताच्या गंज्या वेगवेगळ्या उजेडात पुन्हापुन्हा रंगवत होता. आपला हा फकीर माणूस त्याच पिढीतला, तळ्याच्या काठावर त्याच प्रश्नाशी झुंजत होता. एकाचा दुसऱ्याशी संबंध जोडायची गरज नाही. उजेड दोघांनाही सारखाच पडला होता. पुढे बाबूराव पेंटरांपासून कोल्हापूरच्या सगळ्या चित्रपरंपरेने आबालालना गुरुस्थानी मानलं. १९३१ मध्ये ते गेले.

त्यांनी चित्रं किती केली? कोल्हापुरात हजारांच्या भाषेत बोलतात. आणि उरली किती? फार थोडी. असं का, म्हणून विचारलं तर एक गोष्ट सांगतात. १९२२ च्या मे महिन्यात शाहू महाराज गेले, तेव्हा शोकाने आबालालनी आपली चित्रं पाण्यात सोडली. गोष्ट हृदयाला हात घालणारी आहे. ती खरी असो वा नसो, ती करते काय ते पाहा. ती आपला प्रश्न मिटवून टाकते. चित्रं कुठे गेली? पाण्यात गेली. संपलं! कुणाच्या घरी गेली, कुणी विकत घेतली, कुणाला भेट दिली, कुठल्या भिंतीवर कोण जाणे अजून टांगलेली असतील, हे विचारायची गरजच उरत नाही. आणि यादी नसल्यामुळे उद्या कुणी एखादं जलरंगातलं चित्र आणून ‘हे आबालालचं’ म्हणाला, तर ‘हो’ कशाच्या आधारावर म्हणायचं आणि ‘नाही’ तरी कशाच्या? पाठीवर आकडा असेलही, पण तो ताडायला वही कुठे आहे? इथे नाव आहे, चित्रं हरवली.

कुणी म्हणेल, आपल्याकडे लिहिण्याची सवयच नव्हती. हे मात्र आम्ही मान्य करणार नाही. त्याच कोल्हापुरात १८६७ साली जन्मलेले महादेव विश्वनाथ धुरंधर पाहा. जे. जे. मध्ये शिकले, तिथेच शिकवलं आणि १९४० मध्ये ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे आत्मचरित्र मराठीत लिहून ठेवलं. आज धुरंधरांचं एखादं चित्र पुढे आलं तर अभ्यासकाला विचारायला जागा आहे. राजा रविवर्म्याचे धाकटे बंधू राजराज वर्मा रोजनिशी लिहीत. दोघे भाऊ मुंबईला कधी आले, कुणाला भेटले, कुठलं चित्र चाललं होतं, ते तिच्यातून कळतं. एका माणसाची नियमित लेखणी पुढच्या शंभर वर्षांच्या उपयोगी पडते, ती अशी.

आणि समाज म्हणून बघायचं तर महाराष्ट्राइतका कागद जपणारा मुलूख देशात थोडाच असेल. आपल्या कोपरगावचंच घ्या. राघोबादादांचा अखेरचा काळ इथे गेला, १७८३ च्या डिसेंबरात ते इथेच वारले. त्यांच्या उभ्या आयुष्याची राजकारणं आपल्याला कशी कळतात? दप्तरांमुळे. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव, वाड्यावाड्यांतून वणवण फिरले. माळ्यावरची, पोत्यांतली, वाळवीने खाल्लेली पत्रं त्यांनी गोळा केली आणि १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला. तेव्हा आबालाल कोल्हापुरात चित्रं करत होते. म्हणजे ज्या वर्षांत आपण लढायांचे कागद माळ्यावरून खाली उतरवत होतो, त्याच वर्षांत चित्रकारांचे कागद माळ्यावरसुद्धा चढत नव्हते!

असं का झालं असावं? आम्हाला वाटतं, कागद आपण हक्कासाठी जपला. वतन, इनाम, सनद, देणं-घेणं. ज्या कागदावर जमीन उभी राहते, तो पेटीत राहिला. चित्रकाराच्या पत्रावर कुणाची जमीन उभी राहणार? शिवाय चित्रकार म्हणजे हातकाम करणारा, बिदागी घेऊन जाणारा माणूस, ही आपली जुनी नजर. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात दान देणाऱ्या वराहदेवाचं, वाकाटकांच्या अमात्याचं नाव शिलालेखात आहे. भिंती रंगवणाऱ्यांची नावं कुणी कोरली नाहीत. दीड हजार वर्षांची सवय ही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. नाव हवंच कशाला? अजिंठ्यातला पद्मपाणी अनाम हातांचा आहे, म्हणून तो कमी सुंदर आहे का? आपली परंपरा तर म्हणते, कर्तृत्वाचा अहंकार सोडा. उलट नावाच्या मागे लागल्याने काय होतं ते मुस्तादांच्या घरी दिसलंच. ‘त्याचं नाही’ म्हटल्याबरोबर सूर्यास्त माळ्यावर गेला, ‘त्याचंच आहे’ म्हटल्याबरोबर संग्रहालयात रांगा लागल्या. म्हणजे लोक चित्र बघतात की पाटी वाचतात?

आक्षेपातला दुसरा भाग आम्हाला पूर्ण मान्य आहे. पाटी वाचून रडणाऱ्या रसिकांबद्दल आम्हाला फार आदर नाही. पण पहिल्या भागात एक गफलत आहे. आपणहून नाव टाकणं ही एक गोष्ट आहे आणि नाव टाकलं जाणं ही दुसरी. पहिला त्याग आहे. दुसऱ्याला त्याग म्हणणं म्हणजे ज्याचं पाकीट मारलं गेलं त्याला दानशूर म्हणण्यासारखं आहे. पेस्तनजी, आबालाल, धुरंधर यांची पिढी चित्राच्या कोपऱ्यात सही करणारी पिढी होती. ‘हे मी केलं’ असं म्हणण्याची रीत त्यांनी स्वीकारली होती. त्यांना अनामिकतेचा गौरव चिकटवणं हा आपल्या आळसाला दिलेला आध्यात्मिक मुलामा आहे.

आणि आणखी एक. ओळख पटल्यावर केवळ किंमत वाढत नाही, बघणंही बदलतं. मॉन्माजूरचं ते चित्र चित्रकारालाच फसल्यासारखं वाटलं होतं, हे पत्रातून कळल्यावर आपण त्या आकाशाकडे वेगळ्या नजरेने बघतो. माणूस कुठे धडपडला ते दिसतं. आबालालच्या बाबतीत आपल्याला ही धडपड बघायला मिळत नाही. कुठलं चित्र आधीचं, कुठलं नंतरचं, उजेडाशी त्यांचं भांडण कुठे सुरू झालं आणि कुठे मिटलं, याचा माग काढायला सांगाडाच नाही. नुकसान आहे ते हे. लिलावातल्या कोटींचं नाही.

मग करायचं काय? पुढच्या वेळी चित्र ‘सापडायला’ हवं असेल, तर आज नातं लिहून ठेवायला हवं. व्हॅन गॉगच्या बाबतीत हे काम थिओची पत्नी योहानाने केलं. व्हिन्सेंट १८९० ला गेला, सहा महिन्यांत थिओ गेला. तिशीही न गाठलेली ती विधवा, कडेवर तान्हं मूल, घरात न विकली गेलेली शेकडो चित्रं आणि पत्रांचे गठ्ठे. तिने रद्दी काढली नाही. पत्रं लावली, वाचली आणि १९१४ मध्ये छापली. २०१३ ची बातमी खरं तर त्या बाईच्या चिकाटीची बातमी आहे.

आपल्या तालुक्यातही हे करता येण्यासारखं आहे. जुन्या घरांत आजोबा-पणजोबांची तैलचित्रं आहेत. देवळांच्या भिंतींवर चित्रं आहेत. शाळांमध्ये चित्रकला शिकवणारे मास्तर होऊन गेले. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना पिढ्यान्‌पिढ्या मुलं बसवली, आणि रविवारी स्वतः गोदावरीच्या घाटावर जाऊन जलरंगात चित्रं केली. नाटकांचे पडदे, दुकानांच्या पाट्या, गणपतीचे देखावे रंगवणारे पेंटर होऊन गेले. त्यांची नावं आत्ता सत्तरी-ऐंशीत असलेल्या माणसांना ठाऊक आहेत. आणखी वीस वर्षांनी ती कुणालाही ठाऊक नसतील.

तेव्हा येत्या दिवाळीला माळा आवरताना एवढंच करा. जुनं चित्र किंवा फोटो निघाला, तर रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, हे कुणी काढलं, कधी, कुणासाठी. चौकटीच्या मागच्या लाकडावर मऊ पेन्सिलीने ते लिहा. चित्राच्या कागदावर शाईने लिहू नका, डाग उमटतो. तेच एका वहीत लिहा आणि दोन्हीकडे एकच आकडा घाला. मोबाइलवर पुढून आणि मागून फोटो काढा. मास्तरांची पत्रं, प्रदर्शनाची आमंत्रणपत्रिका, रंगांच्या दुकानाची पावती, काही फेकू नका. कोणता कागद कामाला येईल हे ठेवणाऱ्याला कळत नसतं. ल हाव्रच्या त्या कारकुनालाही कळलं नव्हतं.

प्रश्न असतील तर अवश्य विचारा. आणि कुणाच्या घरी अशी वही आधीपासूनच असेल, तर ती दाखवायला जरूर घेऊन या.